रिटर्न पॉलिसी आणि अस्वल

"काका, स्प्रे मारा! स्प्रे!" मी ओरडले. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत मेलेल्या एल्कच्या पोटात होते आणि समोरच्या झुडपांतून एक ग्रिझली अस्वल बाहेर आलं होतं.

मी वायोमिंगमध्ये हंटिंग गाईड आहे. पुण्याहून वाइल्डलाइफमध्ये मास्टर्स करायला आले आणि इथलीच झाले. आई नातेवाइकांना "टूरिझममध्ये आहे" एवढंच सांगते.

त्या वेळचे क्लायंट होते सुधीरकाका. प्लेनो शहरातले, आयटीत डायरेक्टर. डोक्यापासून पायापर्यंत सगळं नवंकोरं, चालले की कपडे करकर वाजायचे. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. काकांनी ते पहिल्याच गोळीत पाडलं, हे मान्य करावंच लागेल.

लोकांना वाटतं, शिकार पडली की संपलं. अहो, खरी भानगड तिथून सुरू होते. रक्ताच्या वासावर अस्वलं येतात. म्हणून एकाने मांस कापायचं आणि दुसऱ्याने बेअर स्प्रे हातात धरून पहारा द्यायचा. बेअर स्प्रे म्हणजे मिरचीच्या जहाल अर्काचा फवारा. घाबरलेल्या माणसाचा बंदुकीचा नेम चुकतो, फवाऱ्याला फारसा नेम लागत नाही.

"काका, स्प्रे रेडी?" मी कॅम्पवर विचारलं होतं.

"एकदम रेडी! अगं, सगळे रिव्ह्यूज वाचून घेतलाय."

आणि आता काका त्या डब्याशी झटापट करत होते. अस्वल आमच्याकडे धावत सुटलं.

"दाबा ना!"

"दाबलंच जात नाहीये गं!"

ट्रिगरच्या सेफ्टी क्लिपला कंपनीची प्लॅस्टिकची पट्टी तशीच होती, टॅगसकट. ती घरीच कापायची असते.

"पट्टी कापली नाहीत?"

"अगं, वापरला नाही तर रिटर्न करता येतो!"

धन्य! सुरी टाकून मी रक्ताने बुळबुळीत हातांनी माझा स्प्रे ओढला आणि दाबून धरला. समोर नारिंगी ढग उठला. अस्वल गर्रकन वळलं आणि झाडीत पळालं. उरलेला फवारा वाऱ्याने आमच्याच तोंडावर आणून घातला. काका गुडघ्यांवर बसून ढसाढसा रडत होते. मी जाम घाबरले होते, आणि त्याहून जास्त चिडले होते.

मांस तिथंच सोडून निघायचं ठरलं. आम्ही ज्यांवरून आलो ते घोडे लांब बांधलेले, अस्वल जवळपासच कुठेतरी, आणि माझा डबा रिकामा. उरला काकांचा स्प्रे. मी सुरी उचलून त्या पट्टीला लावली. डोळ्यांतून धारा लागलेल्या काकांनी चाचपडत माझं मनगट धरलं.

"अगं थांब, रिसीट आहे माझ्याकडे!"

मी पट्टी कचकन कापली.

हल्ली कॅम्पवर पहिल्या सकाळी मी क्लायंटचा नेम बघत नाही. चहाच्या आधी कात्री घेऊन सगळ्यांचं सामान तपासते. आडनाव मराठी असेल तर दोनदा.