विहीर माझी, मीटर दादाचा

मी कुवेतला निघालो त्या दिवशी आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, माझ्या बॅगेचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहिलं. बेळगावकडं जाणाऱ्या फाट्यावर आम्ही बसची वाट बघत उभे होतो. आई पदरानं डोळे पुसत होती. माझा मोठा भाऊ, दादा, बॅग खांद्यावर घेऊन उगाचच हसत होता. आणि आबा चहाच्या गाड्यावाल्यापासून केळीवालीपर्यंत प्रत्येकाकडं असे बघत होते, की जणू ही सगळी मंडळी आज माझी बॅग पळवायलाच जमली आहेत. बस दिसली तसं त्यांनी मला बाजूला ओढलं आणि म्हणाले, "परशा, तिकडं भरोसा कुनावर ठेवू नगंस. माझ्यावर पन नगं."

लोकांना निघताना आशीर्वाद मिळतो. मला हे मिळालं. बस सुटली, मी खिडकीतून मागं बघितलं, आणि रडू येण्याआधी मनात एकच आलं: हा दादा एवढा का हसतोय?

तुमच्यापैकी जे गावात राहिले त्यांना आबा ठाऊकच आहेत. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांच्यासाठी सांगतो. आमचं गाव सीमेवरचं. ओढ्याच्या अलीकडं महाराष्ट्र, पलीकडं कर्नाटक, आणि आमचं रान दोन्हीकडं. अलीकडच्या रानाचा सातबारा मराठीत, पलीकडच्याचा उतारा कानडीत. एकीकडचा साहेब दुसरीकडं बोट दाखवायचा, दुसरीकडचा पहिलीकडं. अशा जागी आयुष्य काढलेल्या माणसाला संशय हा रोग नसतो, अवजार असतं. उताऱ्यावर काय लिहिलंय हे दुसऱ्याकडून वाचून घ्यायला नको म्हणून आबा उतारवयात कानडी वाचायला शिकले. शिकवणाऱ्या मास्तरवरही त्यांचा संशय होताच. एकेक अक्षर ते दुसऱ्याला विचारून ताडून बघायचे.

ते अवजार मी बॅगेत घालून इकडं आणलं, आणि खोटं का बोलू, मला ते फार उपयोगी पडलं. कुवेतच्या शुवैख भागात पंपांच्या वर्कशॉपला मी लागलो. तिथं कुणी "ओके, टेस्टेड" म्हणाला की मी पुन्हा टेस्ट करतो. मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, म्हणतो, हा माणूस स्वतःच्या सावलीची पण वॉरंटी मागेल. पण गोडाऊनच्या किल्ल्या त्यानं माझ्याकडंच दिल्यात. सगळ्यांवर संशय घेणाऱ्या माणसावर इथं सगळे विश्वास ठेवतात. गंमतच आहे.

माझी बायको माधुरी पुण्याची. तिच्या माहेरात कुणी कुणावर संशय घेत नाही, त्यामुळं ती सहज झोपते. आमची रिया इथंच वाढली. गावाकडं व्हिडिओ कॉल झाला की ती विचारते, "बाबा, व्हाय इज एव्हरीवन ऑलवेज व्हिस्परिंग?" तिला काय सांगणार? आमच्याकडं डाळीचा भाव विचारायचा झाला तरी आधी दार लोटतात.

एका शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, दादाचा फोन आला. "आबा वाटण्या करालेत. सुट्टी काढून ये."

माझ्या मनात पाल चुकचुकली. आबा धडधाकट, अजून सायकल मारतात. मग आत्ताच वाटण्या कशाला? दादाच्या आवाजात तोच फाट्यावरचा हसरेपणा होता. वर तो म्हणाला, "अक्काला पन वाटा हाय." अक्का म्हणजे आमची थोरली बहीण, निपाणीला दिलेली. आमच्याकडं अजूनही बहिणी गुमान हक्कसोडपत्रावर सही करतात, साडीचोळी घेतात आणि परत जातात. आबांनी म्हणे सही घ्यायचीच नाही असं सांगितलं. चांगली गोष्ट झाली. पण आमच्या घरात चांगली गोष्ट झाली की मला हमखास वाटतं, कुठंतरी पाणी मुरतंय.

शिवाय माझा डाव ठरलेला होता, आणि तो फक्त माधुरीला माहीत होता. वाट्याला येईल ते रान विकायचं आणि पुण्यात फ्लॅट घ्यायचा. कुवेत कुणाला कायमचं ठेवून घेत नाही. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपला, की इथं कितीही वर्षं काढलेली असोत, सामान आवरायचं. गावात परत जाऊन मी काय करणार होतो? म्हणून एक वाटा, पण चांगला वाटा, मला हवाच होता.

निघायच्या आधी कुवेतमधल्याच वफ्राला एक काम निघालं. तिकडं शेतं आहेत, काचेची हरितगृहं, टोमॅटो, काकडी, खजूर. दोन भावांनी बापाचं शेत वाटून मधे भिंत घातली होती. विहीर एकाच्या बाजूला. त्यानं व्हॉल्व्हला कुलूप घातलेलं. भिंतीच्या पलीकडं खजुराची झाडं वाळून उभी होती, आणि तिथला बिहारी कामगार मला म्हणाला, "भैया, पानी जिसका, सब उसका." मी त्या कुलपाकडं बराच वेळ बघत राहिलो. तिथंच ठरवलं, काहीही झालं तरी विहीर घ्यायची.

गावी पोचलो. आमच्याकडं रीत अशी, की थोरल्या भावानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. घालणाऱ्याला शेवटचा वाटा मिळतो, म्हणून तो बरोबर घालतो. संशयी माणसांनीच काढलेली रीत असणार. सकाळी आम्ही सगळे ओढ्याकाठी जमलो. दादानं वाटे सांगितले. ओढ्यापलीकडचं विहिरीचं रान, एक. अलीकडचं, घरामागचं रान, दोन. मोठ्या रस्त्याला लागून असलेली काजूची पट्टी, तीन. बांधावर दगड आधीच मांडून, त्यांना चुना फासून ठेवला होता.

मी दादाच्या तोंडाकडं बघत होतो. विहिरीचं नाव घेताना त्याचा आवाज जरा जड झाला काय? झाला असं मला वाटलं. म्हणजे त्याला तीच हवी होती. मी ताबडतोब म्हणालो, "विहीर माझी." अक्कानं काजूची पट्टी घेतली. घरामागचं रान दादाला राहिलं. आईनं नारळ फोडला, खोबरं वाटलं. दादा पुन्हा हसला. मी खोबरं चावता चावता त्याच्याकडंच बघत होतो. एवढी विहीर गेली आणि हा हसतोय?

उत्तर चार दिवसांनी मिळालं. तालुक्याच्या गावाहून मी गुपचूप जमिनीचा एक एजंट आणला होता. माणूस अनुभवी. त्यानं विहिरीत डोकावून बघितलं, पाणी बघून मान हलवली आणि विचारलं, "मोटारीचं मीटर कुठं आहे?" मी बोट दाखवलं. ओढ्याअलीकडं, घरामागच्या रानातल्या खोलीत. पलीकडं अजून विजेचे खांबच आलेले नाहीत, म्हणून आबांनी अलीकडून वायर ओढली होती. "आणि ट्रॅक्टर येतो कुठून?" काजूच्या पट्टीतून. दुसरी वाटच नाही. एजंटनं टोपी काढून डोकं खाजवलं. "साहेब, विहीर तुमची, वीज भावाची, वाट बहिणीची. हे रान घ्यायचं तर घेणाऱ्यानं तुमच्या घरात जावई होऊन यायला पाहिजे."

लहानपणापासून मी त्याच मीटरच्या खोलीत लपाछपी खेळलो. पण एकत्र घरात मीटर कुणाच्या रानात आहे हे कोण बघतो? वफ्रात विहिरीशेजारीच पंप आणि पंपाशेजारीच वीज असते. पंपांच्या धंद्यातला माणूस, आणि मी नुसतं पाणी बघून आलो होतो.

मी तडक घरी गेलो आणि दादावर तुटून पडलो. "हे तुझंच डोकं! मला पद्धतशीर अडकवलंस!"

दादा गोठ्यात होता. त्यानं शेणाचे हात तसेच वर केले. "आरं, मला काय सोडलंय? माझं मीटर, पन पानी तुजं! मी रान इकून गॅरेज घालनार हुतो. आनि अक्काच्या रानाला वाट हाय, पन थेंबभर पानी न्हाई. तिचा मालक कालपास्नं जेवला न्हाई."

"मग वाटे तूच घातलेस ना?"

"मी? आबांनी घातल्यात. मी नुसतं तोंडानं म्हनलो. मला वाटलं, तुज्यासाठी काय तरी कराल्यात. मी हसालो, का तर तू विहिरीसाठी एवढा मरालास म्हनून! मग घरी येऊन मीटरचं ध्यानात आलं."

आम्ही दोघं आबांकडं बघायला लागलो. ते उंबऱ्याजवळ बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं. वर न बघताच म्हणाले, "भरोसा असता तर सरळ वाटलं असतं. मला तिघांचाबी संशय हुता."

"माझा काय संशय होता आबा?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"तू इकशील आनि परत यायचा न्हाईस."

माधुरीशिवाय कुणालाही न सांगता ठरवलेली गोष्ट या माणसानं सीमेवरच्या ओढ्याकाठी बसून, मी निघालो त्या दिवसापासून, ओळखली होती काय? मला राग आला, फार राग आला. आणि खरं सांगायचं तर त्या रागाखाली एक वेडा आनंदही होता, की इतक्या वर्षांत या माणसानं माझ्यावरची नजर काढलेली नाही.

"आता पानी सोडायचं म्हटलं तर तिघांनी एकमेकाला इचारायलाच पायजे," आबा म्हणाले आणि सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

पुण्याचा फ्लॅट राहिला. माधुरी थोडे दिवस रुसली, आता तिनं वफ्राहून खजुराची दोन रोपं मिळतील का असं विचारलंय, गावी लावायला. मला अजून कळलेलं नाही, की तिच्या मनात नेमकं काय आहे.

कुवेतला परतल्यापासून रोज सकाळी मी शुवैखला पोचतो, गोडाऊनची कुलपं उघडतो, आणि दादाचा फोन येतो. "मोटार चालू करू काय?" मी विचारतो, काल किती वेळ चालवलीस? तो म्हणतो, थोडा वेळ. मी अक्काला फोन करून ताडून बघतो. अक्का म्हणते, भरपूर चालवली, आणि माझ्या काजूला सोडलंच नाही. मग दादाला परत फोन. आधी आम्ही भावंडं दिवाळीला बोलायचो, तेही आई फोन हातात द्यायची म्हणून.

परवा फोनच आला नाही. मी दादाला लावला. "लाईट न्हाई." मला पटलं नाही. अक्काला लावला, तीही म्हणाली, लाईट नाही. दोघं मिळाले असतील, असं वाटून आबांना लावला.

"न्हाई लाईट," आबा म्हणाले. मग जरा थांबले. एरवी ते फोनवर थांबत नाहीत. "परशा, तू इचारत ऱ्हा. ज्या दिवशी इचारायचं सोडशील, त्या दिवशी मी समजीन, माझं पोरगं गेलं."

भोवती ग्राइंडर चालू होते. मी गोडाऊनमागं जाऊन उभा राहिलो आणि पोटभर रडलो. फाट्यावर राहिलेलं रडू होतं ते.

माझ्यासारखे जे बाहेर आहेत, ते मला विचारतात, तुझं घर आता कुठं? इथं माझ्या हातात सगळ्या किल्ल्या आहेत आणि मला कुणी काही विचारत नाही. तिथं माझ्या शब्दावर कुणाचा काडीचा भरोसा नाही, आणि माझा त्यांच्यावर नाही.

आज सकाळी लाईट आली. दादाचा व्हिडिओ कॉल आला. "चालू करू काय?"

"कर," मी म्हणालो, "पण पाटात पाणी पडलेलं दाखव."

त्यानं शिव्या घालत फोन पाटाकडं फिरवला. आधी सुकी माती दिसली, मग पाणी आलं. तरी मी म्हणालो, जरा जवळून दाखव.