पंचनाम्यातली सुतळी

मामा गेला तेव्हा मी सात वर्षांची होते. आईचा हा एकुलता एक भाऊ येवला तालुक्यात, अगदी चांदवडच्या शिवेला लागून असलेल्या एका लहानशा गावात शेती करायचा, आणि बाता मारण्यात एक नंबर! त्या वर्षी राखीला तो नाशिकरोडला आमच्याकडे आला. आल्या आल्या खिशातून सुतळी काढली, माझ्या पायाला टाचेपासून अंगठ्यापर्यंत लावली, दाताने तोडली आणि एका टोकाला गाठ मारली. म्हणाला, "गाठीकडं टाच. भाऊबीजेला लाल पट्ट्याची चप्पल आणतो का नाय बघ."

आई स्टोव्हला पंप मारत होती. आधीच्या दोन भाऊबीजांना तो येतो येतो म्हणाला होता आणि आला नव्हता. दोन्ही वेळा आई ताट करून बसून राहिली होती. ती मान वर न करता फटकन बोलली, "चप्पल आणलीस तरच दारात पाय ठेव. नायतर येऊच नको." मामा हसला. जेवला, पान खाल्लं आणि गेला.

भाऊबीजेला तो आला नाही. तिसऱ्या दिवशी गावाकडचा माणूस निरोप घेऊन आला, की शिवेवरच्या विहिरीत सापडला आणि काल अग्नीही दिला. लोकांनी लगेच ठरवून टाकलं, की उडी घेतली. का घेतली याची दहा कारणं दहा तोंडांनी सांगितली. मामी त्याच महिन्यात माहेरी गेली आणि आमच्याशी बोलणं टाकलं. पंचविशीतलं कुंकू पुसलेलं, तिला तरी काय म्हणणार? पण आईला अकरावं कारण माहीत होतं. ते तिने फक्त मला सांगितलं, आणि तेही मी मोठी झाल्यावर. "चप्पल जमली नसंल त्याला. मी दार बंद केलं, म्हणून तिकडं गेला."

आमच्या वसाहतीत ज्या बायकांना भाऊ नव्हता त्या भाऊबीजेला चंद्राला ओवाळायच्या. आई तेही करत नसे. त्या संध्याकाळी आमचं दार आतून बंद असायचं. दहा वर्षं हे असंच चाललं.

मी मॅट्रिक झाले, टायपिंगची परीक्षा दिली आणि मला वाटायला लागलं की जगातला कुठलाही कागद मी मिळवू शकते. शेजारी कोर्टातले एक कारकून राहायचे. ते सहज बोलता बोलता म्हणाले, की असं कुणी विहिरीत सापडलं तर पोलीस पंचनामा करतातच, आणि जवळच्या नातेवाइकाने अर्ज केला तर त्याची नक्कल मिळते. मी घरी येऊन आईला सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आणि त्यात उडीच लिहिली असंल तर?"

"तर तेवढंच कळेल. दर वर्षी दार लावून बसण्यापेक्षा बरं." मी हे किती सहज बोलून गेले! सतरा वर्षांच्या पोरीची जीभ ती, दुसरं काय. आईने दोन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचं पातळ नेसून तयार झाली.

एसटीने येवला गाठलं. पोलीस ठाण्याच्या पायरीवर आईने चपला काढल्या, देवळात काढतात तशा. मी म्हटलं, अगं, घाल त्या! पण नाही. हवालदाराने मामाचं नाव विचारलं, गाव विचारलं, जाड रजिस्टर काढलं आणि त्या वर्षाच्या पानांवरून बोट फिरवलं. काही नव्हतं. पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो, तरी काही नव्हतं. "असा माणूस आमच्याकडं मेलेलाच नाय," तो म्हणाला. माझं असं डोकं फिरलं! परतीच्या एसटीत आई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "उडी टाकणाऱ्याचं कोण लिहितंय." तिला इथवर मीच फरफटत आणलं होतं.

तिसऱ्या हेलपाट्याला बाकावर एक म्हातारे जमादार तंबाखू मळत बसले होते. आमचं ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला. "विहीर शिवेच्या अलीकडं का पलीकडं?"

आई म्हणाली, "पलीकडं. पण विहीर आमचीच की. सगळा गाव तिथलंच पाणी पितो."

"बाई, माणूस कुठला यावर कागद नसतो. विहीर कुठली यावर असतो. ती चांदवडच्या हद्दीत. आणि एवढा जुना कागद ठाण्यात नसंल, तिथल्या तालुका कचेरीत बघा."

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे कुणाचं काही विचारायचं तर आधी त्याचं गाव विचारायचं. अमक्या गावचा तमका, संपलं! मेलेला माणूससुद्धा आपल्या गावाच्या नावावरच असणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

चांदवडच्या कचेरीत आईच्या नावाने अर्ज केला, 'मयताची सख्खी बहीण' असं लिहून. त्यावर स्टँप चिकटवला, आईने अंगठा उठवला. रेकॉर्ड सांभाळणारे गृहस्थ नाकाला उपरणं बांधून आम्हाला आत घेऊन गेले, आणि मी दारातच थांबले. जमिनीपासून छतापर्यंत मांडण्या, आणि त्यांवर तांबड्या कापडात बांधलेली गाठोडी. प्रत्येक गाठोड्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर गावाचं नाव आणि साल. ज्या गावांना धड रस्ता नव्हता, जिथे वीज पोचली नव्हती, त्यांचंसुद्धा गाठोडं होतं. कुणाची विहीर, कुणाचा बांध, कोण साप चावून गेलं, कुणाचा बैल ट्रकखाली आला, ते सगळं कुणीतरी बसून लिहिलेलं. घरच्यांनी विसरायचं ठरवलेलंसुद्धा इथे जपून ठेवलेलं. बाई गं! माझ्या अंगावर काटाच आला. आई हळूच म्हणाली, "एवढी माणसं?" आणि तिने पदर डोक्यावरून घेतला.

"दोन दिवाळ्यांनी आला असता तर नसतं सापडलं," ते गृहस्थ म्हणाले. "जुने कागद छाटून जाळत्यात." त्यांनी विहिरीच्या गावाचं गाठोडं खाली घेतलं, सोडलं आणि पानं उलटत गेले. मग एका पानावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. "हे घ्या. तुम्हीच वाचा."

बोरूने लिहिल्यासारख्या ठळक, सरळ अक्षरात लिहिलं होतं. मी आईसाठी मोठ्याने वाचायला लागले. मयत इसम, वय अंदाजे तीस, बांधा सडपातळ. विहिरीच्या काठावरचा एक दगड नुकताच निखळलेला, तो आत पडलेला दिसतो. पोहरा पाण्यात. पोहऱ्याचा दोर मयताच्या डाव्या मनगटास गुंडाळलेला. सबब पाणी काढतेवेळी तोल जाऊन पडला, असे आम्हा पंचांचे मत आहे.

आईने मांडणीचा खांब धरला. "पाणी काढत होता?"

"हो."

"पुढं वाच."

काठापासून दहा हातांवर खाकी कापडी पिशवी. तीत येणेप्रमाणे: सीताफळे पाच. हळदीकुंकवाची पुडी एक. लहान मुलीची चप्पल जोड एक, नवी, लाल पट्ट्याची.

खाली आणखी एक ओळ होती. सुतळीचा तुकडा एक, लांबी सुमारे सात इंच, एका टोकास गाठ. उपयोग समजून येत नाही.

तो लिहिणारा कोण होता, मला कधीच कळलं नाही. उन्हात, विहिरीच्या काठावर, मांडीवर कागद घेऊन त्याने वीतभर सुतळी मोजली. तिचा उपयोग त्याला माहीत नव्हता. पण आहे ते लिहायचं, म्हणून त्याने लिहिलं. ती ओळ त्याने गाळली असती तर त्याला कोण विचारणार होतं? आज इतकी वर्षं झाली तरी त्या माणसाची आठवण आली की माझे हात आपोआप जोडले जातात.

आई रडली नाही. ती माझ्या पायांकडे बघत होती. म्हणाली, "तेवढाच होता गं तुझा पाय." मग तिथेच, त्या धुळीत, खाली बसली, आणि ते गृहस्थ गुपचूप पाणी आणायला गेले.

नक्कल आठवड्याने मिळाली, खाली शिक्का आणि 'अस्सलप्रमाणे खरी नक्कल' अशी सही. आईला वाचता येत नव्हतं. तिने सुतळीची ओळ नेमकी कुठे आहे ते मला विचारून घेतलं आणि तिथे कुंकवाचं बोट लावून ठेवलं.

त्या वर्षी भाऊबीजेला मी बाजारातून परत आले, तर आमचं दार सताड उघडं. आई ताट घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होती. समोरच्या चाळीच्या कौलांवर चंद्राची बारीक कोर दिसत होती. तिने ओवाळलं, अक्षता टाकल्या. मग ताट एका हातात धरून ती दारातून बाजूला सरकली, पाहुण्याला वाट द्यावी तशी.

"ये," ती म्हणाली. "आत ये."