कपबशीच्या विरोधात आमचं हॉटेल

आमच्या गावात हॉटेलात बसून एकट्यानं अख्खा चहा पिणाऱ्या माणसाकडं लोक जरा संशयानं बघतात. दोघं आले की एकच चहा सांगायचा आणि वर म्हणायचं, "एकात दोन." मग एकाच्या वाट्याला कप येतो, दुसऱ्याच्या वाट्याला बशी. बशी मानाची. ती वडीलधाऱ्याला द्यायची, कारण बशीतला चहा लवकर निवतो आणि दात नसले तरी ओढता येतो. कपवाल्यानं मात्र फुंकर मारत बसायचं.

हे हॉटेल आमचंच. वाशीहून ईटकडं जाताना लागणाऱ्या आमच्या गावात, शाळेच्या समोर, पत्र्याचं शेड, दोन बाकडी आणि मागंच आमचं घर. पुढं भट्टीवर आप्पा चहा करतात. मागं पत्र्याच्या आडोशाला आई कपबशा विसळते. माझ्या जन्माच्या आधीपासून विसळते. गाव तिला हॉटेलवाली म्हणतं, आणि बाकड्यावर बसलेल्याला ती कधी दिसतही नाही, नुसता कपबशांचा आवाज येतो. मी त्यांची थोरली लेक. उमरग्याला एका दवाखान्यात पेशंटांचे नंबर लावते, त्यामुळं माझा आवाज मोठा आहे आणि धीर कमी.

गावाला नळ आहेत. आमच्या वरच्या आळीलाही आहेत, पण आळी चढावर असल्यानं आमच्या तोटीतून नुसती हवा येते. हॉटेलचं सगळं पाणी आई हापशावरून आणते. दर ग्रामसभेला ती उठून सांगायची, "वरच्या आळीला पाणी चढत न्हाय." दर वेळी खुर्चीवरचं कुणीतरी म्हणायचं, "बघू की." या वेळी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि आमच्या प्रभागातली एक जागा बाईसाठी निघाली. तेव्हा आई कपबशा विसळता विसळताच म्हणाली, "म्या हुबी ऱ्हाते. बघणारी मीच व्हते, म्हंजी झालं."

आप्पांनी भट्टीवरचं पातेलं खाली उतरवलं. एवढं ऐकून घ्यायला त्यांना दोन्ही हात मोकळे लागले.

अर्ज भरला. चिन्हासाठी पहिली पसंती आम्ही अर्थातच कपबशी दिली. हॉटेलच्या बोर्डावर वाफा निघणारी एवढी मोठी कपबशी रंगवलेली होती, आणखी प्रचार तो काय करायचा. पण समोर उभ्या असलेल्या खालच्या आळीतल्या मावशींनीही कपबशीच मागितली. या मावशी गावच्या नात्यानं, रक्ताच्या नव्हे. बाई चांगल्या. आईशी हापशावर तासतास बोलायच्या. वाशीला तहसीलमध्ये साहेबांनी दोघींच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि कपबशी मावशींना गेली. आमच्या वाट्याला शिट्टी आली.

घरी आल्यावर आप्पांनी शिडी लावली आणि बोर्डावरच्या कपबशीवर पोतं टाकलं. मग खाली उतरून म्हणाले, "म्हंजी सकाळपास्नं सांजंपतूर म्या त्येंचाच प्रचार करायचा, व्हय?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आप्पा दिवसभर जे चिन्ह लोकांच्या हातात देत होते, तेवढा प्रचार मावशींच्या पोरांना भिंती रंगवूनही जमला नसता. मला तर फार राग आला. मी चार दिवसांची रजा टाकली होती, ती वाढवून घेतली. दुसऱ्या दिवशी वाशीच्या बाजारातून स्टीलचे गिलास आणले आणि सगळ्या कपबशा टोपलीत घालून माळ्यावर चढवल्या. ही युक्ती माझी होती हे मी इथं कबूल करते, कारण ती पुरती फसली.

आमची दोन गिऱ्हाइकं जुनी. एक रिटायर झालेले गुरुजी, दुसरे आबा. आबा शेतकरी, वयानं सगळ्यांत थोरले, म्हणून बशी त्यांची आणि कप गुरुजींचा, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. त्या सकाळी मी एक चहा दोन गिलासांत अगदी सारखा करून दोघांपुढं ठेवला. आबांनी गिलास धरला, चटका बसला म्हणून खाली ठेवला, उपरण्यात धरून परत उचलला आणि एक घोट घेऊन म्हणाले, "ह्यो वाटून दिल्यावाणी लागत न्हाय. मापून दिल्यावाणी लागतोय."

"आबा, निवडणूक होईस्तोवर चालवून घ्या," मी म्हणाले.

"मत तुज्या आईलाच देणार हाय, पोरी. पर बशी दे."

आप्पा भट्टीवरून म्हणाले, "बशी मतदान झाल्यावर."

आबांनी गिलास तसाच बाकड्यावर ठेवला. गुरुजींना घेऊन उठले आणि फाट्यावरच्या हॉटेलाकडं चालू लागले. त्यांच्या मागं बाकीचेही गेले. तिसऱ्या दिवशी आमच्या दोन्ही बाकड्यांवर मिळून एक कुत्रं झोपलेलं होतं. आणि फाट्यावरच्या हॉटेलात मावशींचे मालक सकाळपासून मांडी घालून बसायचे, येणाऱ्याला रामराम घालायचे. आमची हक्काची मतं त्यांच्यापुढं बसून बशीनं चहा ओढत होती. मी आप्पांवर ओरडले, आप्पा माझ्यावर ओरडले, दोघांचं ओरडून झालं तेव्हा आई हात पुसत पत्र्याआडून पुढं आली.

"कपबशा काढा खाली."

"अगं, पर चिन्ह त्येंचं हाय."

"चिन्ह असंल त्येंचं. कपबशा माज्या हायत्या. रोज म्याच धुती." आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "बशीत च्या पिल्यानं माणूस फुटत न्हाय. माणसाची बशी काढून घेतली की फुटतंय."

टोपली खाली आली. आबा आणि गुरुजी परत आले, काही घडलंच नाही अशा तोंडानं. फक्त आप्पांनी एक भर घातली. गळ्यात दोरीनं शिट्टी अडकवली आणि कपबशी गिऱ्हाइकाच्या हातात दिली की तोंडानं जोरात एकदा वाजवायची. कप हातात, शिट्टी कानात, असा आमचा प्रचार झाला. गुरुजींचा पहिल्या दिवशी निम्मा चहा सदऱ्यावर सांडला. शाळेतली पोरं मधली सुट्टी झाली समजून दोनदा बाहेर आली, तेव्हा हेडमास्तर येऊन हात जोडून गेले. त्यानंतर शिट्टी जरा हळू वाजायला लागली.

मतदान शाळेतच होतं, म्हणून त्या दिवशी हॉटेल बंद. मी आईच्या बाजूनं खोलीत प्रतिनिधी म्हणून बसले होते. आई सगळ्यांत आधी आली. नवं लुगडं नेसली होती. पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेली, मशीन वाजलं, आणि ती बोटावरच्या शाईकडं बघत बाहेर आली. माझ्याकडं न बघताच गेली. नंतर कळलं की घरी जाऊन तिनं सगळ्या कपबशा काढल्या आणि धुवायला बसली. हॉटेल बंद होतं, कपबशा आदल्या दिवशीच धुतलेल्या होत्या. मला वाटलं, बाई घाबरली आहे. अशा वेळी ती हाताला काम लावते.

आप्पा उशिरा आले. नवी टोपी, कपाळाला बुक्का. ते आडोशामागं गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा टोपीनं तोंड पुसत होते.

मोजणी वाशीला, तहसीलमध्ये. आईला मी चल म्हणाले, ती म्हणाली, "म्या येऊन काय मतं वाढणार हायत का?" म्हणून मी आणि आप्पा गेलो. आमच्या गावाचा नंबर दुपारच्या आधी लागला. मशीन उघडलं, साहेबांनी आकडा वाचला, समोरच्या टेबलावरच्यांनी लिहून घेतला. मग साहेबांनी परत वाचला. मी माझा कागद बघितला. मावशींचा आणि आईचा आकडा एकच होता.

"समसमान," साहेब म्हणाले. "चिठ्ठी काढावी लागेल."

आप्पांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात भट्टीपुढं असावा तसा तापला होता. ते माझ्या कानात म्हणाले, "माजं चुकलं."

"काय चुकलं?"

"म्या कपबशी दाबली."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. ते खाली फरशीकडं बघून बोलत होते. "शिट्टीवरच बोट न्यायचं म्हणून गेलतो. पर मधी ती कपबशी दिसली अन् बोट गेलंच. हाताला सवय हाय ना गं."

हिशेब करायला मला दवाखान्यातली नोकरी लागत नव्हती. आप्पांचं एक बोट सरळ पडलं असतं तर आई तिथंच निवडून आली असती, चिठ्ठीची गरज नव्हती. गळ्यात शिट्टी घालून आठवडाभर गाव बहिरं करणारा माणूस शेवटी कपबशीला मत देऊन आला होता. मला हसू यायला हवं होतं, पण त्या घडीला मला त्यांची टोपी फाडावीशी वाटली. आईला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती आता एका कागदाच्या कपट्यावर आली होती.

दोन चिठ्ठ्या सारख्या घड्या घालून तयार झाल्या. त्या टाकायला काहीतरी भांडं हवं होतं. साहेबांनी टेबलावरचा चहाचा रिकामा कप पुढं ओढला.

"साहेब, कप नको," मी आणि आप्पा एकदम म्हणालो.

मावशींचे मालक म्हणाले, "कप का नको? कपानं काय केलंय?"

"ते तुमचं चिन्ह हाय," आप्पा म्हणाले. तोंडावरचा घाम तसाच होता, पण आवाज परत आला होता. साहेबांनी कपाकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. मग टाचण्यांचा प्लॅस्टिकचा डबा रिकामा केला. चिठ्ठ्या त्यात टाकून हलवल्या आणि ऑफिसातल्या शिपाईबाईंना एक उचलायला सांगितली. त्यांनी डोळे मिटून उचलली.

साहेबांनी चिठ्ठी उघडली आणि आईचं नाव वाचलं. आईचं, मग आप्पांचं, मग आडनाव. तसं पूर्ण नाव मी रेशनकार्डावर वाचलं होतं, मोठ्यानं कुणी घेतलेलं ऐकलं नव्हतं. आप्पा तिथंच खाली बसले आणि रडले. मीही रडले. टोपी फाडायची इच्छा कधी गेली ते मला कळलं नाही.

गावात आलो तर गुलाल आमच्या आधी पोचला होता. मावशी स्वतः आईला कुंकू लावायला आल्या आणि बाकड्यावर बसून म्हणाल्या, "हरले तरी तुमच्या हाटेलात चिन्ह माजंच चालतंय. आणा कपातला." आई एवढी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. त्या दिवशी पत्र्याच्या आड ती गेलीच नाही, कपबशा मी विसळल्या.

पण बरोबरीचा आकडा गावाला स्वस्थ बसू देईना. आमची मतं जास्त होती, मग फुटलं कोण? बाकड्यावर याद्या व्हायला लागल्या. कुणी पुतण्याचं नाव घेतलं, कुणी शेजाऱ्याचं, एकानं तर गुरुजींवर संशय घेतला. आप्पा भट्टीत फुंकणी घालून नको एवढं फुंकत बसले. तेवढ्यात आई बाहेर आली आणि जरा चढ्या आवाजात म्हणाली, "माज्या दारात कुणी कुणाचं नाव घ्यायचं न्हाय. ज्यानं दिलं त्यानं दिलं, अन् ज्याचं चुकलं त्याचं चुकलं." याद्या तिथंच थांबल्या. केवढं मोठं मन, असं गुरुजी म्हणाले. मलाही तसंच वाटलं. मी उमरग्याला गेले ते आप्पांचं गुपित पोटात घेऊन.

पंचायतीच्या प्रत्येक बैठकीला आई पिशवीत ती शिट्टी घेऊन जायची असं मला फोनवर कळायचं. वाजवली एकदाच. कुणीतरी "बघू की" म्हणालं तेव्हा. पुढं काही महिन्यांनी पारापाशी वरच्या आळीला पाणी चढवायची मोटार बसली, आणि एका रविवारी मी घरी असतानाच आमच्या तोटीनं आधी हवा सोडली, मग खाकरली आणि मग पाणी सोडलं. आईनं पहिली घागर भरून भट्टीजवळ ठेवली. आप्पांनी त्या पाण्याचा एकच कप चहा केला, बाकड्यावर तिच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "एकात दोन." इतक्या वर्षांत ती दोघं त्या बाकड्यावर कधी बसलेली मी पाहिली नव्हती.

बशी त्यांनी तिच्यापुढं केली. आप्पा वयानं मोठे, बशी त्यांची. तरी तिला दिली. मग कपाच्या कानाशी चाळा करत म्हणाले, "एक सांगायचं ऱ्हायलंय. त्या दिशी माजं बोट शिट्टीवर पडलं न्हवतं. कपबशीवर पडलं."

आईनं बशीतला चहा सावकाश ओढला, संपवला.

"त्यात काय," ती म्हणाली. "माजंबी तितंच पडलं."

आप्पांनी कप खाली ठेवला. "आं?"

"मशीनवर एवढी चित्रं. घाबरल्याली म्या. त्यातलं वळखीचं तेवढं एकच दिसलं." ती माझ्याकडं वळली. "तू हसू नगंस."

मी हसत नव्हते. निदान आधी तरी नव्हते. मग आप्पांना हसू फुटलं, आईला फुटलं, आणि तिघांनाही आवरेना. आबा आणि गुरुजी शाळेच्या कोपऱ्यावरून येताना दिसले तेव्हा आईनं डोळे पुसले, आप्पांच्या हातातला कप घेतला, आपली बशी घेतली आणि नळ सोडला.