बसचं पुढचं दार कुणी केलं

नव्वदच्या दशकात आमच्या कारखान्यात बांधलेल्या एकमजली बस बेंगळूरभर धावल्या. त्यांचं पुढचं दार मी केलं असं आजही सांगतात. माझ्या निवृत्तीच्या दिवशी मालकांनी भाषणात तेच सांगितलं आणि माझ्या डोक्यावर म्हैसूर पेटा ठेवला. पेटा घसरत होता. तो सावरत मी मान डोलावली.

ते खरं नव्हतं. दार माझ्या थोरल्या बहिणीने केलं. मी मान डोलावली, हे मला त्या दिवसापासून बोचतं आहे. आता माझे हात कापतात, उद्या डोकंही साथ देईल की नाही सांगता येत नाही, म्हणून जे झालं ते लिहून ठेवतो. लिहायला बसलो की मात्र आधी हसूच येतं, त्याला माझा इलाज नाही.

आमचं घर बेंगळुरातलं जुनं. पूर्वज कधी आले ते कुणालाच नीट ठाऊक नाही. घरात मराठी, तीही अशी की पुण्याचा पाहुणा आला तर दोन दिवस नुसता ऐकतच राहायचा. थोरल्या बहिणीला आम्ही अक्का म्हणायचो, ती मला तम्मा म्हणायची. अक्का ब्लाउज शिवायची. शिवलेले ब्लाउज पिशवीत भरून मार्केटहून बस धरायची आणि इंदिरानगरच्या बायकांना घरपोच द्यायची. तिचं अर्धं आयुष्य मशीनवर गेलं आणि उरलेलं बसमध्ये.

मी बोम्मसंद्र्याला बसची बॉडी बांधणाऱ्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायचो. कारखाना लहान. तोवर आम्ही ट्रकचे हौदे आणि शाळांच्या गाड्या करत होतो. शहर बससेवेने नवी बस मागवायची ठरवली तेव्हा आमच्या मालकांनीही हात वर केला. मालकांना सगळे अण्णा म्हणत. "एक नमुना बस करून दाखवा," असं उत्तर आलं. नमुना पसंत पडला तर पुढची कित्येक वर्षं काम. नाही पडला तर परत हौदे. हे सगळ्यांना माहीत होतं, कँटीनमधल्या चहावाल्यालासुद्धा.

चॅसी आली तो दिवस मी विसरणार नाही. नुसता सांगाडा, चार बाजूंना हवा, पुढे इंजिन, आणि एका खोक्यावर बसून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, गॉगल लावून तो सांगाडा हाकत आलेला ड्रायव्हर. फाटकातून आत येताना त्याने असा हात हलवला जणू रथातून उतरतो आहे. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग बस उभी राहू लागली. मी आधी शेडच्या फरशीवर खडूने पूर्ण मापाची बस काढली. वेल्डर जेवायच्या सुट्टीत त्या खडूच्या बसमध्ये जाऊन बसायचे. एकजण कंडक्टर व्हायचा आणि "मागे सरका, मागे सरका" म्हणून ओरडायचा. चॅसीवर आडवे बीम पडले, त्यावर खांब, खांबांवर छताच्या कमानी. मग पत्रा. एकाने बाहेरून रिव्हेट मारायचा, दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा धरायचा. दोघे एकमेकांना दिसत नसत, नुसत्या ठोक्यांवर समजून घेत. मग पाण्याची परीक्षा. सगळ्या बाजूंनी फवारे सोडायचे आणि आत बसून कुठे गळतं ते बघायचं. फोरमन आत छत्री घेऊन बसला होता. "आपल्या कामावर विश्वास नाही का हो?" मी विचारलं. तो म्हणाला, "कामावर आहे. तुमच्या ड्रॉइंगवर नाही."

शेवटी वाळूची पोती भरून गाडी खराब रस्त्यावर पळवली. काही खडखडलं नाही. अण्णा खूश, मीही खूश. आयुधपूजेनंतर तपासणीसाठी अधिकारी यायचे होते.

आमच्याकडे आयुधपूजेला कारखाना घरच्या माणसांसाठी उघडा असतो. यंत्रांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. हत्यारं धुऊन पुसून देवापुढे मांडलेली असतात आणि त्या दिवशी त्यांना कुणी हात लावत नाही. हातोडा नाही, पाना नाही, माझी टेपसुद्धा नाही. आमची बस मध्यावर उभी होती, पिवळ्या प्रायमरमध्ये, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट. चाकांखाली लिंबं चिरडली, कोहळा फोडला, चुरमुरे आणि मिठाई वाटली. अण्णांनी जाहीर केलं, "सगळ्यांनी बसा. चंदापूरपर्यंत जाऊन यायचं!"

शहरातल्या बसमध्ये बायका पुढच्या दाराने चढायच्या, पुरुष मागच्या. हे कुणाला सांगावं लागायचं नाही. आम्ही सगळे पुरुष मागून चढलो आणि बसलो. कुणीतरी शिट्टी मारली. गाडी काही हलेना.

"काय झालं पुढे?" अण्णा खालूनच ओरडले. ते पूजेच्या वेषात होते, पांढरं पंचे, म्हणजे लुंगीसारखं नेसलेलं धोतर, आणि हातात आरतीचं तबक.

पुढे गर्दी होती. आमच्या शेजारच्या चिक्कम्मा, वयाने आणि देहाने मोठ्या, एक पाय पहिल्या पायरीवर टाकून अडकल्या होत्या. पाय वर जात नव्हता आणि गेलेला खाली येत नव्हता. त्यांच्या एका हातात निऱ्या, दुसऱ्यात चुरमुऱ्यांची पुडी. मागून अक्का त्यांना ढकलत होती, आणि आत चढून गेलेली एक बाई वरून ओढत होती.

"अय्यो, साडी सोड! साडी सोड ग, पाय नाही ती!"

"चिक्कम्मा, दांडा धरा!" मी मागच्या खिडकीतून ओरडलो.

"कशाने धरू रे? दातांनी?"

सगळ्या बायका हसायला लागल्या. हसू आलं की बळ जातं, त्यामुळे ढकलणाऱ्या आणि ओढणाऱ्या दोघींचंही बळ गेलं, आणि चिक्कम्मा सावकाश अक्काच्या अंगावर येऊन टेकल्या.

अक्काने खालून हाक मारली, "तम्मा! खाली ये. हे दार कुणी केलं?"

"मी."

"ह्यातून कधी चढलास?"

मी फोरमनकडे बघितलं. फोरमनने वेल्डरकडे. वेल्डर म्हणाला, "आम्ही मागूनच..."

खरं सांगायचं तर आमच्यापैकी एकही माणूस पुढच्या दाराने चढला नव्हता. ह्याच बसमध्ये नव्हे, कुठल्याच बसमध्ये, जन्मात कधी. मागचं दार आम्ही इतक्या प्रेमाने केलं होतं. पायरी किती उंच, दांडा कुठे, सगळं स्वतः चढउतर करून बघितलं. पुढचं दार मी कागदावर काढलं, जिथे जागा उरली तिथे. खाली आडवा बीम येत होता म्हणून पायरी उंच गेली. दांडा आत, खांद्याच्या वर. वाळूची पोतीसुद्धा आम्ही मागूनच चढवली होती.

अण्णांना हे पटेना. "एवढं काय आहे त्यात? सरका बघू," असं म्हणून ते स्वतः पुढे झाले. एका हातात तबक, दुसऱ्या हाताने पंचे वर धरलेलं. पाय उचलला आणि दाराशी तसेच थांबले. तबक सोडता येईना, पंचे तर त्याहून सोडता येईना.

"अण्णा, दांडा धरा," अक्का अगदी गोड आवाजात म्हणाली.

त्या दिवशी मी माझ्या मालकाला लाजताना पहिल्यांदा पाहिलं. मग तेच हसत सुटले, इतके की आरतीची ज्योत विझली.

त्यानंतर अक्काने दार हातात घेतलं. मी टेप शोधायला लागलो तर फोरमन म्हणाला, "आज नाही. देवापुढे आहे." खडूही देवापुढे. अक्का म्हणाली, "टेप कशाला? माणसं आहेत की." तिने कुंकवाची वाटी उचलली.

चिक्कम्मांना म्हणाली, "तुम्हाला दुखणार नाही एवढाच पाय उचला." चिक्कम्मांनी उचलला. अक्काने वाकून त्यांच्या तळव्याच्या उंचीवर बसच्या पत्र्यावर कुंकवाचं बोट ओढलं. मग एकेका बाईला दाराशी उभं केलं. एका काखेत मूल असलेली, डबा घेतलेली, फुलांची टोपली आणलेली. "हात नाहीत असं समजा. कोपर कुठे टेकवाल?" प्रत्येकीच्या कोपराशी एक लाल बोट. बुटकी खाली, उंच वर. खुणा आपोआप तिरप्या रांगेत आल्या, जिन्याच्या कठड्यासारख्या. मग आत जाऊन छताखालच्या दांड्याकडे बघून म्हणाली, "आणि हा इतका वर कुणासाठी? हा धरला की काखेतली शिवण उसवते. माझ्याकडे दुरुस्तीला येतात ना ते ब्लाउज, मला वाटायचं माझा दोरा कच्चा!" तिथेही कुंकू लागलं, चांगलं वीतभर खाली.

दुपारपर्यंत बसचं तोंड देवीच्या देवळासारखं झालं होतं. चंदापूरला आम्ही गेलोच, बायकांना मागच्या दाराने चढवून, आणि परतताना सगळ्या बसने मिळून गाणी म्हटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप देवापुढून उचलली आणि मी कुंकवाच्या खुणा मोजल्या. मी एवढंच केलं. फोरमन पायरीवरून भांडला, "इतकी खाली आणली तर रस्त्यावरच्या हम्पला घासेल." मग आम्ही पायरी खाली न लोंबवता आत घेतली, एक जास्तीची पायरी घातली आणि त्यासाठी इंजिनाच्या झाकणाचा कोपरा कापून गोल केला. दोन्ही बाजूंना तिरपे दांडे लागले. कोपर टेकवा, मनगट अडकवा, काहीही करा.

अधिकारी आले. त्यांच्याबरोबर त्यांच्या कार्यालयातल्या एक बाई होत्या. त्या फायली कवटाळून पुढच्या दाराने सहज चढल्या, वर गेल्यावर थांबल्या, परत उतरल्या आणि पुन्हा चढल्या. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या ह्यांनी."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण बाई माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या, बस पसंत पडणार हे दिसत होतं, आणि मला वाटलं, आता मध्येच बहीण, आयुधपूजा, कुंकू कुठे काढत बसायचं? मी हात जोडले. बस पसंत पडली. शेडमध्ये त्या दिवशी जे ढोल वाजले ते पत्र्याचे होते, पण तसे पुन्हा ऐकले नाहीत.

काही महिन्यांनी आमच्या बस रस्त्यावर आल्या. एका सकाळी अक्का म्हणाली, "चल, इंदिरानगरला जायचंय, तुझ्याच गाडीने जाऊ." ती पुढून चढली, पिशवी काखेला, कोपर दांड्याला घासून, थेट वर. मी मागून. गाडी भरली. आणि मध्येच, एवढ्या गर्दीच्या डोक्यांवरून, तिचा आवाज आला. कन्नडमध्ये, सगळ्यांना कळेल असा. "ही बस आहे ना, माझ्या तम्माने केली! तो बघा, मागे उभा आहे, निळा शर्ट!"

सगळी बस माझ्याकडे वळून बघायला लागली. पुढच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीने ओरडून विचारलं, "दार पण?" कंडक्टरने मला सलाम ठोकला आणि म्हणाला, "सार, मग गर्दीसाठीपण काहीतरी करा!" मी लाल झालो, हसलो, हात हलवला. आयुष्यात इतका आनंद मला फार वेळा झाला नाही. आणि "दार पण?" ला मी उत्तर दिलं नाही.

तिथपासून ते दार माझं झालं.

मागच्या आठवड्यात इथपर्यंत लिहिलेलं मी अक्काला वाचून दाखवलं. ती आता कमी ऐकते, म्हणून मोठ्याने वाचावं लागलं, आणि तुरीच्या शेंगा सोलत ती मधूनमधून "आं?" म्हणत होती. वाचून झाल्यावर मी विचारलं, "बसमध्ये तू माझं नाव का सांगितलंस?"

"घरचा माणूस, एवढे लोक, तिथे काय वाटणी करायची?" ती म्हणाली. मग शेंगांकडे बघतच पुढे म्हणाली, "पण त्या बाईने विचारलं ना, दार पण? तेव्हा मी वाट बघत होते. तू मागून ओरडशील, दार अक्काचं म्हणून. इंदिरानगर येईपर्यंत बघत होते."

मी म्हणालो, "चुकलं."

"आता ओरड."

"आता? इथे?"

"मग कुठे? बसमध्ये जाऊ?"

मी ओरडलो. स्वयंपाकघरात बसून, या वयात, "दार अक्काचं!" माझी सून धावत आली, काय पडलं म्हणून. अक्का इतकी हसली की मांडीवरचे दाणे सांडले. दाणे गोळा करता करता म्हणाली, "अर्धं. पायरी चिक्कम्मांची. पाय त्यांनी उचलला, मी नुसतं बोट ओढलं. ते पण लिही."

लिहिलं.