दुधाला कुणी खाणं म्हणत नाही

आमच्या घरात दूध खाण्यात धरत नाहीत. उपवासाला चालतं, तापात चालतं, आणि कामासाठी घराबाहेर पडणाऱ्या माणसाला तर ते द्यायचंच, मग काम परीक्षेचं असो की कोर्टाच्या तारखेचं. कोडोलीच्या गोठ्यात आमच्या चार म्हशी होत्या आणि आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, सगळा जीव त्या चौघींत. मी कोल्हापुरात हायस्कूलला विज्ञान शिकवतो. पचनसंस्थेची आकृती डोळे मिटून फळ्यावर काढतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे केलं ते कुणा अडाण्यानं केलं असं वाटायला नको.

चार वर्षांपूर्वी भावकीत एका जावळाचं जेवण होतं. आबांनी मटणाच्या फोडी ताटाच्या कडेला सारल्या आणि नुसता रस्सा ओरपला. आमच्याकडचा माणूस पंगतीत फोडी सोडतो म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे शेजारी बसलेल्यानं ओळखायला हवं. शेजारी मीच होतो. "दात दाखवून घ्या की," एवढं बोलून मी माझ्या ताटाकडे वळलो.

पुढे पंधरा दिवसांनी आईचा फोन आला. "दुधात कुस्करलेली भाकरी खायला बी तास लागतोय त्यांना. घास छातीत आडतोय म्हनत्यात. माझी पाठ वळली की उरलेली भाकरी म्हशीम्होरं टाकत्यात." तेव्हा कुठं माझे डोळे उघडले.

पोटाच्या डॉक्टरांनी आबांना घास कुठे अडतो ते बोटानं दाखवायला लावलं आणि दुर्बिणीची तपासणी सांगितली. तोंडातून बारीक नळी घालतात, तिच्या टोकाला कॅमेरा असतो, अन्ननलिका आतून पडद्यावर दिसते. काही वावगं दिसलं तर तिथलाच बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतात. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचं काम. "रात्री हलकं जेवायचं, त्यानंतर काही खायचं-प्यायचं नाही," असं सिस्टरनं मलाच बजावलं होतं. मी मान डोलावली होती.

त्या सकाळी आबा पहिल्या एसटीनं आले. स्टँडवर उतरले तेव्हा अंगातला सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. रात्रीही त्यांच्या पोटात काही गेलं नव्हतं, आणि नंबर अकराचा होता. वाटेत दूधकट्टा लागला. तिथं म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसासकट ग्लास हातात देतात. मला राहवलं नाही. गाडी थांबवून मी ग्लास घेऊन आलो.

"नगो रं," आबा म्हणाले. "तपासायचं हाय न्हवं?"

"दुधानं काय होतंय आबा? पाण्यासारखंच की. प्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ग्लास घेतला. एकेक घोट थांबून थांबून, मान उंच करून, पाव तास ते दूध पीत होते. मला बरं वाटत होतं.

दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "आजोबा, सकाळपासून काही खाल्लंय?"

"न्हाय बाई," आबा म्हणाले. आमच्या घरच्या हिशेबानं ते खरंच बोलले. तिनं माझ्याकडे बघितलं, तेव्हा मीही मान हलवली. मला तो हिशेब लागू नव्हता. मी खोटं बोललो.

त्यांच्या घशात बधिर करणारा फवारा मारला, डाव्या कुशीवर निजवलं आणि मला बाहेर उभं केलं. दार पुरतं लागलं नव्हतं. थोड्याच वेळात आतून ठसक्याचा आवाज आला, मग गुदमरल्यासारखा, मग धावपळ. पाठोपाठ डॉक्टरांचा चढलेला आवाज. "आजोबा, दूध प्यायलात? आत सगळं दूध साचलंय. फुप्फुसात गेलं असतं म्हणजे जीवावर बेतलं असतं. कुणी दिलं तुम्हाला?"

"कुनी न्हाय," आबांचा बधिर, घोगरा आवाज. "मीच प्यालो. चुकलं माझं."

दार माझ्यापासून दीड हातावर होतं. मी आत गेलो नाही.

तपासणी अर्धवट सोडून डॉक्टरांनी पुढच्या आठवड्याची तारीख दिली. आबांनी परतीच्या वाटेवरच सांगून टाकलं, "आता नळीचं नाव काडू नगोस. ढोराला नळीनं औषध पाजत्यात तसलं हाय ते." मी त्यांना हाताला धरून न्यायला हवं होतं. भांडून, रडून, पाया पडून, कसंही. एरवी क्षुल्लक गोष्टीवरून त्यांच्याशी भांडणारा मी, तेव्हा समजूतदार झालो. खरं कारण लाजिरवाणं आहे. परत गेलो की डॉक्टर मला विचारणार, दूध कुणी दिलं होतं. त्या एका प्रश्नाला मी भ्यालो. मग एक म्हैस व्यायची होती, मग माझे पेपर तपासायचे होते. असे तीन महिने गेले.

नंतर दूधही उतरेना आणि पाणीही ठसक्यानं परत यायला लागलं, तेव्हा आबा स्वतःच म्हणाले, चल. डॉक्टरांनी या वेळी काही विचारलं नाही. मला पडद्यासमोर उभं करून दाखवलं. फळ्यावर मी जी नळी दोन सरळ रेघांत काढून मोकळा होतो, तिच्यात गाठ माजली होती आणि वाट सुईच्या नेढ्याएवढी उरली होती. तुकड्याच्या तपासणीत कॅन्सर निघाला, स्कॅनमध्ये तो यकृतापर्यंत पोचलेला. ऑपरेशनची वेळ गेली होती. मी डॉक्टरांना विचारलं, तीन महिन्यांपूर्वी सापडलं असतं तर? "नक्की सांगता येत नाही. कदाचित फरक पडला असता," ते म्हणाले.

त्याच दुर्बिणीनं त्यांनी आबांच्या अन्ननलिकेत धातूची जाळी बसवली, निदान घास उतरावा म्हणून. आठवड्याभरात आबा अंगणातल्या उन्हात बसून आमटी कालवलेला मऊ भात खाऊ लागले. एकदा तर त्यांनी आणखी मागितला आणि आई आत जाऊन डोळे पुसून आली. तसे पाच महिने मिळाले. बघायला येणाऱ्या प्रत्येक पाव्हण्याला आबा आपण होऊन सांगायचे, "मीच आडमुठा. नळीला भ्यालो. पोरगं लई मागं लागलंतं." मी चहाचे कप फिरवत ऐकून घ्यायचो. मी मागं लागलो नव्हतो, हे त्या घरात आम्हा दोघांना ठाऊक होतं.

ते गेल्यावर गावानं तेच धरलं. म्हातारा हट्टी होता, हट्टापायी गेला. सगळ्यात जास्त आई बोलायची. श्राद्धाला, सणाला, कुणी नुसती आठवण काढली तरी, "हट्टी मानूस. परत नळी घालून घेतली असती तर आज आसते." आणि नेमकं मी समोर असताना. मी उठून गोठ्याकडे जायचो.

यंदाच्या श्राद्धाला पाव्हणे पांगले, आई मोरीशी भांडी घासत बसली आणि तिनं परत तोच विषय काढला. मी उठलो, पण गेलो नाही. म्हणालो, "आई, ते दूध मी दिलं होतं. ते नको म्हणत होते. आणि नंतर मी त्यांच्या मागं लागलोही नव्हतो."

तिचे हात थांबले नाहीत. "ठावं हाय मला," ती म्हणाली. "त्याच दिशी सांगितलंतं त्यांनी. पोराला काय बोलू नगो म्हनाले."

मी तिच्यासमोर बसलो. "मग इतकी वर्षं त्यांनाच का नावं ठेवतेस?"

तिनं पातेलं पालथं घातलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"तू कवातरी मधी बोलशील म्हनून."