वीस उत्तरं

चर्चच्या दारात मी चपला काढल्या, तेव्हा मागून माझी घरमालकीण आंटी म्हणाली, "काढू नको गं, इथे कोण काढत नाय. परत येशील तेव्हा जागेवर असतील याची गॅरंटी नाय." मी त्या परत घातल्या, पण चप्पल घालून देवासमोर चालताना पाय अवघडले. देव माझा नव्हता, तरीही. आम्ही बौद्ध. घरी बुद्धाच्या फोटोसमोर आई कधी चप्पल घालून उभी राहिलेली मी पाहिली नाही.

मी हिंगोलीकडच्या एका खेड्यातून अंधेरीला कॉलेजसाठी आले होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. होस्टेलला नंबर लागला नाही. शाळेतल्या सरांच्या ओळखीने अंधेरीतल्याच एका जुन्या ख्रिस्ती गावठाणात राहायची सोय झाली. आंटी एकटी होती, तिला सोबत हवी होती. चर्चच्या फादरना संध्याकाळी बायकांना इंग्रजी शिकवायला कुणीतरी हवं होतं. मी वर्ग घ्यायचा आणि आंटीकडे राहायचं, असं ठरलं. आई गावात सांगायची, पोरगी फॉरेनला गेल्यासारखीच आहे. मला ते खोटं वाटायचं नाही. रविवारी आंटीबरोबर चर्चला जायचे. सगळे उभे राहिले की मी उभी राहायचे, बसले की बसायचे, दर वेळी थोडी उशिरा.

फादरना पहिल्यांदा भेटले तेव्हा सवयीने तोंडातून "जय भीम" निघून गेलं आणि मी जीभ चावली. ते सहज म्हणाले, "जय भीम. बस. इंग्लिश शिकवशील ना?"

मी हो म्हणाले. दहावीला इंग्रजीत शाळेत सगळ्यांत जास्त मार्क मला होते. पण इंग्रजी मला येत नव्हतं. आमचे सर फळ्यावर उत्तरं लिहायचे, आम्ही ती घोकायचो, परीक्षेत तीच यायची. माझं पाठांतर चांगलं होतं, एवढंच. हे मला अंधेरीच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात कळलं. प्राध्यापक बोलत राहायचे आणि मी वहीत मान घालून काहीतरी लिहीत असल्यासारखं करायचे. फादरना हे सांगितलं असतं तर खोली गेली असती, आणि खोली गेली असती तर कॉलेज.

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये सात-आठ बायका यायच्या. त्यांतल्या एका ताईंचंच मला सांगायचं आहे. गावठाणातच राहायच्या, चाळिशीच्या, नवरा गेलेला, जवळच्या नर्सिंग होममध्ये पंधरा वर्षं आया. त्यांना परदेशात म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं काम मिळणार होतं. एजन्सीने नाव नोंदवून घेतलं होतं, फक्त कॉम्प्युटरवर इंग्रजीत मुलाखत द्यायची होती. मुलीला नर्सिंगला घालायचं तर दुसरा रस्ता नव्हता.

"मॅडम, माझी वाट लावू नको हां," त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या. "तुझ्या भरवशावर बसलीय मी."

मला शिकवायची एकच रीत माहीत होती. मी वीस प्रश्न आणि वीस उत्तरं काढली, आकडे घालून वहीत लिहून दिली. नाव काय, राहता कुठे, घरी कोण, छंद कोणता, हे काम का करायचंय. ताईंनी इंग्रजी उत्तरं देवनागरीत उतरवून घेतली. भांडी घासताना, बसमध्ये, ड्यूटीवर बेडपॅन धुताना त्या म्हणत राहायच्या. महिन्याभरात वीसच्या वीस खडाखडा. मी आकडा म्हणायचे, त्या उत्तर म्हणायच्या. बाकीच्या बायका टाळ्या वाजवायच्या. मला फार बरं वाटायचं. त्या टाळ्या मला कॉलेजात कधी मिळाल्या नव्हत्या.

मुलाखत फादरच्या ऑफिसात झाली. ताई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी कोपऱ्यात बसले. पडद्यावर पिकल्या केसांची एक गोरी बाई आली, हसली आणि काहीतरी बोलली. बहुतेक आज तिकडे ऊन आहे का, असं. ताईंनी स्वतःचं नाव सांगितलं. बाईने दुसरं काही विचारलं. ताईंनी सांगितलं, मी मुंबईत राहते, मुंबई मोठं शहर आहे. मग तिसरं. ताई एकेक उत्तर क्रमाने देत होत्या, एकही शब्द न चुकता, मान ताठ ठेवून. बाई हसायची थांबली. तिने एक प्रश्न अगदी सावकाश, दोनदा विचारला, आणि तो तेवढा मला कळला: आजी बाथरूममध्ये पडली तर तुम्ही काय कराल?

ताई म्हणाल्या, मला स्वयंपाकाची आवड आहे.

मग बाई भरभर काहीतरी म्हणाली. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगू शकले नाही, कारण मलाही समजलं नव्हतं. मी नुसती मान हलवली. त्यांनी ते 'पुढचं म्हण' असं घेतलं आणि पुढचं म्हटलं.

बाहेर आल्यावर त्या घाम पुसत हसल्या. "वीसपर्यंत पोचूच दिलं नाय तिने. पण एक तरी विसरले का? सांग ना."

"नाही ताई," मी म्हणाले. "एकही नाही."

आठवड्याने एजन्सीचा नकार आला. मला वाटलं, आता त्या यायच्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर तसंच व्हावं असं वाटत होतं. त्या आल्या. नवी वही घेऊन, सगळ्यांच्या आधी, एकट्या.

"वीस कमी पडली गं," त्या म्हणाल्या. "अजून वीस लिहून दे. सहा महिन्यांनी परत घेतात. चाळीस पाठ करते."

मी विचारलं, "ताई, म्हातारी बाथरूममध्ये पडली तर काय करता तुम्ही?"

"ते कशाला आता?"

"सांगा ना."

त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि समोर लादीवर म्हातारी पडली असल्यासारख्या गुडघ्यावर बसल्या. "पहिलं म्हणजे उचलायचं नाय. घाई केली की हाड सरकतं. आधी बोलायचं तिच्याशी, आजी, कुठे दुखतं. पाय हलतो का बघायचं. नाय हलला तर अंगावर पांघरूण घालायचं, डॉक्टरला बोलवायचं. हलला तर कुशीवर वळवायचं, खुर्ची जवळ आणायची, तिला धरू द्यायची. आणि तिची लाज राखायची. ओली असते, उघडी असते. टॉवेल पहिला." त्या मान वर करून म्हणाल्या, "एवढंच. ह्यात काय?"

मी खडू घेऊन फळ्याकडे वळले. त्या मागे वही उघडून बसल्या होत्या, पेन धरून. मी एक हा आकडा घातला. त्यापुढे हे सगळं इंग्रजीत कसं लिहायचं ते मला येत नव्हतं. बाकीच्या बायका येऊन खुर्च्या मांडायला लागल्या, तरी मी तशीच पाठमोरी उभी होते.