नेहमी म्हणजे किती वेळा

प्रतिसादक क्रमांक ११४. स्त्री. वय छप्पन्न. शिक्षण : परिचर्या पदविका. सेवाकाल : एकतीस वर्षे. कार्यस्थळ : पुरुष शस्त्रक्रिया कक्ष. शुश्रूषा-वृत्ती मापनश्रेणीवरील सरासरी : पाचपैकी २.१. अभिप्राय : ‘रुग्णाप्रती आस्था असमाधानकारक. प्रत्यक्ष रुग्णसेवेस अनुपयुक्त.’

माणसाचं इतकं आटोपशीर वर्णन सहसा तो गेल्यावरच होतं. वहीबाईंचं जिवंतपणी झालं, आणि तेही त्यांनी स्वतः पुरवलेल्या माहितीवरून.

वहीबाई हे नाव वॉर्डाने ठेवलेलं. त्यांच्या एप्रनच्या खिशात तळहाताएवढी वही असते आणि तिला बँडेजच्या पट्टीने बांधलेली पेन्सिल. खाट क्रमांक, वेळ, काय झालं, एवढंच त्यात असतं. शिकत असताना त्यांच्या ट्यूटरने सांगितलं होतं, ‘लिहिलं नाही ते केलं नाही.’ वर्गातल्या बाकीच्या मुलींनी हे वाक्य परीक्षेपुरतं पाठ केलं, वहीबाईंनी मनावर घेतलं. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. ते पाहुण्यांना सांगतात, “आमच्याकडे भांडणालासुद्धा तारीख-वेळ असते. म्हणून मी आजवर एकही जिंकलो नाही.”

गेल्या वर्षी नर्सिंग कॉलेजच्या एका तरुण प्राध्यापिकेने पीएच.डी.साठी रुग्णालयातल्या एकशे शहाऐंशी सिस्टरांना एक फॉर्म वाटला. त्यात चोवीस विधानं होती. ‘हाक आल्यावर मी लगेच जाते.’ ‘मी रुग्णाजवळ निवांत बसते.’ ‘मी त्याचं बोलणं न तोडता ऐकते.’ प्रत्येकापुढे पाच चौकोन : कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बहुधा, नेहमी. त्यांना एक ते पाच गुण. वहीबाईंच्या हाताखालच्या लहान सिस्टरने आपला फॉर्म चहा निवायच्या आत भरला. तिच्या चोवीस खुणा ‘नेहमी’च्या रकान्यात अशा उतरल्या होत्या की गवंड्याने ओळंबा लावून बघावं. बहुतेकींचं असंच होतं. एकूण सरासरी आली ४.६.

फॉर्मवर नाव विचारलं नव्हतं. वॉर्ड आणि सेवेची वर्षं मात्र विचारली होती, आणि पुरुष सर्जरीत एकतीस वर्षं झालेली सिस्टर एकच होती. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्या जातीची ती गुप्तता.

रुग्णालयाची गुणवत्ता समिती ४.६ वर बेहद्द खूश झाली आणि त्या आनंदात तिने ठरवलं, की ज्यांचे गुण तीनच्या खाली आहेत त्यांना खाटेपासून दूर करून लिनन रूममध्ये चादरी मोजायला बसवावं. तीनच्या खाली एकच होती. पुढच्या एक तारखेपासून बदली, असं पत्र आलं. वहीबाईंनी ते दोनदा वाचलं, वहीत पोचल्याची वेळ टिपली आणि चार नंबरचं ड्रेसिंग बदलायला गेल्या.

घरी मात्र त्या बराच वेळ चपला न काढता खुर्चीत बसून राहिल्या.

“दोनच वर्षं राहिलीत,” यजमान म्हणाले. “बसून काढ. पायांना आराम.”

“अहो, चादरीला काय विचारायचं? रात्री झोप लागली का म्हणून?”

 यजमान म्हणाले, “फॉर्म पुन्हा मागून घे. चार जणी भरतात तसा भर. एवढं काय त्यात? मला किती देशील ते सांग बघू. ‘मी नवऱ्याचं बोलणं मध्ये न तोडता...’”

“क्वचित.”

“बघ. तोडलंसच.”

त्या हसल्या, पण चपला अजून पायातच होत्या.

इकडे फॉर्मचे तक्ते करणारे आकडेमास्तर अस्वस्थ होते. कॉलेजच्या ग्रंथालयात कोपऱ्यातल्या टेबलावर बसून हे गृहस्थ बावीस वर्षं लोकांच्या प्रबंधांची सरासरी काढतात. त्यांच्या तक्त्यात सगळ्या सिस्टर ४.६ च्या आसपास दाटीवाटीने बसल्या होत्या आणि ११४ एकटीच इतकी खाली, की हे गुण आहेत की छपाईची चूक असा प्रश्न पडावा. छपाईची चूक नव्हती. पण बाकीचे फॉर्म त्याच दिवशी परत आले होते आणि हा आठ दिवसांनी. समितीची बैठक गुरुवारी होती. बुधवारी मास्तर दोन जिने चढून वॉर्डात आले.

“सिस्टर, फॉर्म भरायला आठ दिवस का लागले?”

“सात. आठवा दिवस तो द्यायला खाली उतरायला जमेपर्यंत गेला.”

“सात तरी का?”

वहीबाईंनी वही काढली. “त्यात विचारलं होतं ना, हाक आल्यावर लगेच जाता का. मग मोजलं. आठवड्यात माझ्या पाळीत बेचाळीस हाका. मिनिटाच्या आत पोचले अशा अकरा. बेचाळिसात अकरा म्हणजे क्वचितच की. सहा नंबरवाले रविवारी पाणी मागत होते, मी नऊ मिनिटांनी गेले. ‘नेहमी’ कसं लिहू?”

“चोवीसही विधानं अशी मोजलीत?”

“मोजल्याशिवाय कसं लिहिणार? औषध नेहमी दिलं असं मी चार्टवर लिहिते तेव्हा एकही डोस चुकलेला नसतो.”

मास्तरांनी वही चाळली. मग ते म्हणाले, “आत्ता पाच मिनिटांत दुसरा फॉर्म भरून दिलात तर मी उद्या ठेवतो. पत्र रद्द होईल.”

“आमच्यात खाडाखोड चालत नाही, मास्तर. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि सही करायची. पण यात चुकलंय कुठे?”

 मास्तरांनी वही मागून घेतली. वहीबाईंनी ती दिली आणि ती दिल्याची नोंद कागदाच्या तुकड्यावर केली.

गुरुवारी समितीत मास्तर म्हणाले, “आपण एकशे शहाऐंशी जणींना वजन विचारलं. एकशे पंच्याऐंशींनी अंदाजाने सांगितलं. एक काट्यावर उभी राहिली, आणि आपण तिलाच जाड ठरवतोय.”

“म्हणजे ४.६ खोटं?” अधीक्षकांनी विचारलं. हा आकडा त्यांनी फाटकाजवळच्या फलकावर रंगवून घेतला होता.

“खरं आहे, साहेब. आपल्या सिस्टरांना स्वतःबद्दल ४.६ वाटतं. त्या काय करतात ते यात नाही. आणि रुग्णांना काय वाटतं ते तर आपण विचारलेलंच नाही.”

 प्राध्यापिकेने वही हातात घेतली. तिची तीन वर्षं त्या ४.६ मध्ये गेली होती. ती बराच वेळ पानं उलटत होती. शेवटी म्हणाली, “मला एक आठवडा द्या.” बदली आठवडाभर लांबली.

सर्वांत जास्त गुणांच्या दहा जणींना तिने वह्या वाटल्या. तिसऱ्या दिवशी चौघींनी परत केल्या : मोजत बसलो तर काम कधी करायचं? सहा जणींनी आठवडा पुरा केला. त्यांच्या सरासऱ्या १.६ पासून २.० पर्यंत आल्या. लहान सिस्टरची १.७. ती वही घेऊन ड्रेसिंगच्या खोलीत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

“बाई, मी इतकी वाईट आहे?”

“वाईट नाहीस गं,” गॉज कापता कापता वहीबाई म्हणाल्या. “बावीस खाटा आहेत आणि आपण दोघी. हे कुणी मोजत नाही, म्हणून आपण मोजायचं. तोंड धू आणि ये, अकरा नंबरचं सलाईन संपत आलंय.”

प्राध्यापिकेने प्रबंधात एक नवं प्रकरण घातलं. त्यामुळे तिची पदवी वर्षभर लांबली. समितीपुढे मात्र निराळाच पेच उभा राहिला. नियम म्हणजे नियम, तेव्हा आता आणखी सहा जणींना लिनन रूममध्ये पाठवायला हवं होतं, आणि तिथे खुर्ची एक. अधीक्षकांनी पत्रावर ‘पुढील अभ्यासापर्यंत स्थगित’ असा शेरा मारला. पुढील अभ्यास अजून कुणी हाती घेतलेला नाही. फलकावर ४.६ आहे. अहवाल आधीच छापून झाला होता, त्यामुळे क्रमांक ११४ त्यात प्रत्यक्ष रुग्णसेवेस अनुपयुक्तच आहे.

आज सकाळच्या पाळीत वॉर्डात बावीस रुग्ण होते. वहीबाई एकोणीस जणांजवळ बसल्या. उरलेल्या तिघांचे खाट क्रमांक वहीत आहेत.